दोरी ओढणारे हात आणि पटाशी धरणारे हात

गेल्या पावसाळ्यापूर्वीची गोष्ट. जव्हार-मोखाड्यातील आदिवासी आणि दलित तरुणांना लाकूडकाम शिकवावयाचे म्हणून एका संस्थेने शेड बांधली. त्या शेडमध्ये बसवावयाचा लेथ कोणता असावा हे ठरविण्यासाठी पाच जणांची समिती नेमली. इतिहास शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या समितीत घेण्याचे कारण एवढेच की, कागदावर एक 'स्थानिक प्राध्यापक' हवा होता.

बैठकीत तीन माहितीपत्रके टेबलावर आली. पहिला लेथ छोटा, पत्र्याच्या पायांवर उभा, स्वस्त. दुसरा देशी बनावटीचा, बिडाचा, मध्यम वजनाचा. तिसरा परदेशी, लाखांच्या घरातला. समितीतील एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "या मुलांना लाटणी आणि भोवरेच तर करायचे आहेत. त्यांना भारी लेथ कशाला?" कोणी हरकत घेतली नाही. मीही घेतली नाही. बाहेर आल्यावर मोखाड्याकडचा माझा एक विद्यार्थी भेटला. त्याला मी लेथची बातमी दिली. तो हसून म्हणाला, "सर, मशीन येईल हो. पण माझं काम काय तिथं? भुसा झाडायचा?"

त्या प्रश्नाने मला गप्प बसल्याची लाज वाटली. म्हणून हा लेख. वरवर पाहता हा एका यंत्राच्या खरेदीचा प्रश्न आहे. पण लाकूड आणि यंत्र यांच्याशी आपल्या समाजाचा जो संबंध शतकानुशतके राहिला, तो समजून घेतल्याशिवाय या खरेदीचा निर्णय करता येणार नाही, असे माझे मत आहे.

१

लेथ म्हणजे लाकूड फिरवणारे यंत्र. सुतार हत्यार फिरवतो आणि लाकूड स्थिर ठेवतो. कातणारा लाकूड फिरवतो आणि हत्यार स्थिर धरतो. पाळण्याचे खांब, पोळपाट-लाटणे, ताक घुसळण्याची रवी, पलंगाचे पाय, बुद्धिबळाची प्यादी ही सारी या कामाची अपत्ये. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्यांची कातारी नावाची स्वतंत्र जातच झाली. लाकूड फिरविण्याच्या कौशल्यालाही आपल्याकडे जन्माचे कुंपण पडले.

हे यंत्र किती जुने आहे? इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताच्या थडग्यात इसवी सनपूर्व ३०० च्या सुमाराचे एक शिल्प आहे. त्यात दोन माणसे दिसतात. एक पट्टा ओढून लाकूड फिरवतो आहे, दुसरा हत्यार धरून आहे. आपल्याकडचा पुरावा मला त्याहून मोलाचा वाटतो. पाली वाङ्मयातील सतिपट्ठान सुत्तात भगवान बुद्ध श्वासावर लक्ष कसे ठेवावे हे सांगताना जो दाखला देतात, तो राजाचा नाही, ब्राह्मणाचा नाही. तो 'भमकारा'चा, म्हणजे लाकूड कातणाऱ्याचा आणि त्याच्या शिकाऊ शिष्याचा आहे. कुशल कातारी लांब ओढ घेताना आपण लांब ओढ घेत आहोत हे जाणतो, आखूड घेताना आखूड घेत आहोत हे जाणतो; भिक्षूने आपला श्वास तसा जाणावा. मोठी भेरी कातताना लांब ओढ आणि हस्तिदंती सुईसारखी बारीक वस्तू कातताना आखूड ओढ, असा खुलासा अट्ठकथेत आहे.

येथे थोडे थांबावयास हवे. श्रम करणाऱ्याच्या हाताला जाणीव असते आणि ती जाणीव ज्ञानाच्या दर्जाची असते, हे या दाखल्यात गृहीत आहे. शिवाय गुरू आणि शिष्य दोघांचीही नावे एका दमात घेतली आहेत. हातांनी काम करणाऱ्याला बुद्धी नसते, असे मानणाऱ्या व्यवस्थेत हा दाखला सुचणे शक्य नव्हते.

परंतु हे सुत्त विसरले गेले आणि शिल्लक राहिली ती दोरी. दोरीच्या लेथवर बहुधा दोन माणसे लागत. लाकडाभोवती वेढे दिलेल्या दोरीची दोन टोके धरून एक जण आलटूनपालटून ओढी. दुसरा समोर बसून पटाशी धरी. लाकूड एकदा पुढे फिरे, एकदा मागे. पुढे फिरताना कापावयाचे, मागे फिरताना हात सैल करावयाचा. घाम ओढणाऱ्याचा, आणि वस्तूवर नाव पटाशी धरणाऱ्याचे. बाबासाहेबांनी १९३६ साली सांगून ठेवले आहे की, जात ही नुसती श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. दोरीचा लेथ पाहिला की हे वाक्य वाचण्याची गरज राहत नाही.

पुढे पायाने चालणारा लेथ आला, मग पट्ट्यावर चालणारा, मग विजेचा. विजेने दोरी ओढणाऱ्याचे श्रम संपवले, हे निर्विवाद. पण दोरी सुटलेल्या त्या माणसाच्या हाती पटाशी आली का? माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा प्रश्न हाच आहे.

२

आता हीच कसोटी जव्हार-मोखाड्याला लावून पाहू.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा होईपर्यंत हे दोन्ही तालुके ठाणे जिल्ह्यात होते. इंग्रजी अमलात मात्र ते दोन राज्यांत होते. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालेले. मोखाडा इंग्रजी मुलखात. जंगल मात्र एकच होते : साग, ऐन, हेद, कळंब, शिवण, शिसव, खैर. त्या जंगलात वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी राहत. मुकणे राजे स्वतः महादेव कोळी. तरीही जव्हारच्या खजिन्यात जंगलाच्या उत्पन्नाचा वाटा मोठा होता आणि ते लाकूड डोक्यावरून वाहणारी प्रजा उघडीच राहिली. राजा आपल्यापैकी असला म्हणजे लाकूड आपले होते, असे नव्हे.

इंग्रजी मुलखात १८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी झाडाची मालकी सरकारकडे गेली. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये या जंगलखात्यावर जो कोरडा ओढला, तो याच काळातला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की १८८५ साली सरकारला जंगल चौकशी आयोग नेमावा लागला. आयोग आला, गेला. १९२७ च्या कायद्याने पकड पुन्हा पक्की केली.

जंगलातील कामाची रीत ठरलेली होती. कूप लिलावात जाई, ठेकेदार तो घेई, आदिवासी झाड तोडी, ओंडका गाडीवर चढवी, आणि ओंडका रेल्वे स्टेशनाकडे, वखारीकडे, मुंबईकडे रवाना होई. १९४५ ते १९४७ या काळात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध आणि लग्नगडीच्या गुलामगिरीविरुद्ध उठाव केला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. १९४६ साली जंगलकामाच्या मजुरीसाठी संप झाला. त्यानंतर १९४७ पासून बाळासाहेब खेरांच्या सरकारने जंगल कामगार सहकारी संस्था सुरू केल्या. ठेकेदाराला बाजूला सारून तोडणीचे काम मजुरांच्या संस्थेला मिळाले, ही मोठीच गोष्ट होती. पण या सुधारणेतही आदिवासीच्या हाती आली ती कुऱ्हाड आणि करवत. लाकूड ओंडक्याच्या रूपातच तालुक्याबाहेर गेले. त्याचा पलंग, दार, वाडगे, खेळणे दुसरीकडे झाले. दोरी ओढणाऱ्याची मजुरी वाढली. पटाशी दूरच राहिली.

येथे आपल्या घरचीही गोष्ट सांगितली पाहिजे. गावकामगार महार वतनदार म्हणून सरकारचा निरोप पाड्यावर नेई. वेठीला माणसे बोलावण्याचा निरोप अनेकदा त्याच्याच तोंडून जाई. महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली. पण दोन तळचे समाज एकमेकांसमोर उभे करून वरचा मोकळा राहतो, ही रीत गेली आहे असे मला वाटत नाही. माझे वडील एका लाकडाच्या वखारीत ओंडके वाहत. चौतीस वर्षे त्यांनी करवतीपर्यंत लाकूड नेले. करवतीच्या खटक्याला हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. ओंडके आणणारे गाडीवान आदिवासी असत. त्यांच्याशी वडील दरडावून बोलत, हेही मी लहानपणी पाहिले आहे.

३

'यांना भारी लेथ कशाला?' या प्रश्नामागे दोन विचार असतात. एक उघड जातीचा आहे. दुसरा सभ्य आहे आणि म्हणूनच अधिक घातक. तो म्हणतो : आदिवासींची कला हाताची आहे, साधी आहे, ती यंत्राने बिघडेल. बोहाड्याची सोंगे, तारपा, वारली चित्रे पाहून शहरातला माणूस भारावतो आणि या माणसांनी असेच राहावे, अशी इच्छा धरतो. वाकसाने काठवट कोरणाऱ्याच्या खांद्याचे काय होते, हे त्याला दिसत नाही.

गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी १९४५ सालच्या आपल्या ग्रंथात या विचाराचा समाचार घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीवाचून संस्कृती नाही. तेव्हा यंत्र नाकारावयाचे नसून समाजरचना बदलावयाची आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दोरी ओढली त्यांना 'तुमची दोरीच सुंदर' असे सांगणे हा उपदेश नव्हे, ती फसवणूक होय.

म्हणून लेथ चांगला पाहिजे. परंतु चांगला म्हणजे काय, हे आपल्याला कळले पाहिजे. नाहीतर 'चांगला' याचा अर्थ ठेकेदार आणि खरेदी-विभागच ठरवतील. बैठकीनंतर मी कारागिरांकडे बसून जे समजून घेतले ते कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

पहिली गोष्ट वजन. लाकूड, विशेषतः ओले आणि वेडेवाकडे लाकूड, फिरताना यंत्राला हादरे देते. हलका लेथ नाचतो, पटाशी उसळते, शिकाऊ घाबरतो आणि आपल्याला हे जमत नाही असे मानून घरी जातो. दोष यंत्राचा, शिक्षा मुलाला. बिडाचा जड बेड हादरे पोटात घेतो. अमेरिकेतील गंभीर कारागीर वापरतात तो पॉवरमॅटिक ३५२० हा लेथ तीनशे किलोंहून अधिक वजनाचा आहे, तो उगाच नव्हे.

दुसरी गोष्ट व्यास. बेडवर किती रुंद लाकूड फिरू शकते, यावर आपण काय होऊ शकतो हे ठरते. पॉवरमॅटिकवर वीस इंच फिरते. छोट्या लेथवर दहा-बारा इंच. छोट्या लेथवर लाटणे होईल, भोवरा होईल. काठवट होणार नाही. म्हणजे 'ही मुले लाटणीच करणार' हे भाकीत खरे करण्याची सोय खरेदीतच केलेली असते! माझ्या मते सोळा इंचांच्या खाली जाऊ नये.

तिसरी गोष्ट वेग. कारागिरांचा एक ठोकताळा आहे : लाकडाचा व्यास इंचांत आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार सहा ते नऊ हजारांच्या दरम्यान असावा. दोन इंचांच्या लाटण्याला तीन हजार फेरे चालतील. बारा इंचांच्या वाडग्याला पाचशे ते साडेसातशेच. ओबडधोबड, तोल नसलेले लाकूड सुरुवातीला याहूनही हळू फिरवावे लागते. ज्या लेथचा सर्वांत कमी वेगच जास्त आहे, त्यावर मोठे लाकूड लावणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून वेग अगदी खालपासून हवा तसा वाढविता येणारा लेथ घ्यावा. इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह असेल तर घरच्या सिंगल फेजवर थ्री फेजची मोटर चालते; पाड्यांवर थ्री फेज मिळेलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

चौथी गोष्ट दुरुस्ती. स्पिंडलचे आटे प्रचलित मापाचे असावेत, म्हणजे कोणताही चक बसतो. बेअरिंग नाशिक-भिवंडीच्या बाजारात मिळणारे असावे. परदेशी लेथचा ड्राइव्ह जळला आणि सुटा भाग यायला सहा महिने लागले तर तो लेथ नव्हे, स्मारक. म्हणून सर्वांत महाग तो सर्वांत चांगला, असेही मी म्हणत नाही. जड बिडाचा, मोठ्या व्यासाचा, वेग बदलणारा देशी लेथ मिळत असेल तर तोच घ्यावा आणि उरलेले पैसे चक, हायस्पीड पोलादाच्या पटाश्या आणि त्यांना धार लावण्याच्या यंत्रावर खर्चावेत. धार लावता न येणाऱ्याच्या हाती उत्तम लेथही निरुपयोगी असतो.

पाचवी गोष्ट माणसाचे शरीर. स्पिंडलची उंची काम करणाऱ्याच्या कोपराइतकी असावी. शेडमध्ये मुलीही येणार आहेत. पुरुषाच्या उंचीवर बसविलेला लेथ त्यांना न बोलता बाहेर काढतो. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर केले. धूळ ओढणारे यंत्र आणि चेहऱ्यावरची ढाल हा लेथच्या किमतीचाच भाग धरावा. आपल्या माणसांच्या फुप्फुसांची किंमत कोणत्याही कोटेशनमध्ये लिहिलेली नसते, ती आपण लिहावी लागते.

४

उरतो लाकडाचा प्रश्न. यंत्र आले, लाकूड कोणाचे?

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे परंपरेने गोळा होणाऱ्या इमारती लाकडाखेरीजच्या वनस्पतिजन्य वस्तूंवर, वनवासींची मालकी मान्य केली. त्या व्याख्येत बांबू, मध, तेंदूपान तर आहेच. पण झाडाचे बुंधे-खुंट, झुडपी लाकूड आणि लाखही आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आहे. शिवाय जव्हार-मोखाडा हे अनुसूचित क्षेत्र असल्याने १९९६ चा पेसा कायदाही येथे लागू आहे.

इमारती सोट सरकारचा राहिला, हे खरे. पण कातणाऱ्याला सोट लागतोच कोठे? त्याला बुंध्याचा, गाठीचा, वाकड्या फांदीचा तुकडा लागतो. सरळ फळीपेक्षा त्यातच लाकडाचा खरा रंग आणि वेल असते. आणि लाख? सावंतवाडीचे चितारी फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, मग केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. म्हणजे कायद्याने ज्या वस्तू किरकोळ समजून सोडून दिल्या, त्यांतूनच हा धंदा उभा राहू शकतो. वनखात्याच्या दृष्टीने जे जळण, ते लेथच्या दृष्टीने भांडवल आहे.

मात्र हे लाकूड ओले असते. ते सरळ कातले तर तडकते. त्याचे टोक मेणाने बंद करावे लागते. व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी जाड भिंत ठेवून वाडगा आधी ओबडधोबड कातावा लागतो. काही महिने सावलीत वाळू द्यावा लागतो आणि मग पुन्हा लेथवर लावून पूर्ण करावा लागतो. ओले, वाकडे, जड लाकूड फिरवावयाचे म्हणजे पुन्हा जड आणि हळू फिरणारा लेथच हवा. सोट ज्याला मिळत नाही, त्याला भारी लेथ अधिक गरजेचा आहे! 'यांना भारी लेथ कशाला?' या प्रश्नाचे उत्तर त्या लाकडातच आहे.

५

चांगले यंत्र येऊनही फसगत होते, हेही मी पाहिले आहे. एका ठिकाणी अशाच प्रशिक्षणासाठी आलेली यंत्रे कुलपात राहिली. किल्ली कार्यालयात, कार्यालय तालुक्याला, आणि कारकून रजेवर. दोन पावसाळ्यांत बेडवर गंज चढला. तपासणीच्या दिवशी मुलांना बोलावून फोटो काढले आणि मुलांच्या हाती खरोखरच झाडू दिले.

दिवाळीनंतर आमच्या वर्गातली बाके रिकामी होऊ लागतात. घरेच्या घरे वीटभट्टीवर, बांधकामावर, भिवंडी-वसईकडे जातात. लग्नगडी गेला, १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी गुन्हा ठरली. पण उचल घेऊन सहा महिने बांधले जाणे चालूच आहे. ही सुद्धा दोरीच आहे. एक लेथ ती तोडणार नाही, हे मला कळते. पण ज्या मुलाला आपल्या गावच्या बुंध्यातून स्वतःच्या हाताने वाडगा काढता येतो आणि त्याची किंमत स्वतः सांगता येते, तो मुकादमाशी वेगळ्या आवाजात बोलेल, एवढा विश्वास मला आहे.

समितीची दुसरी बैठक व्हावयाची आहे. या वेळी मी तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घेणार आहे. एक : लेथ वजनाने, व्यासाने आणि वेगाने गंभीर कामाचा असावा; किंमत हा शेवटचा निकष, पहिला नव्हे. दोन : शेडची किल्ली ग्रामसभेने निवडलेल्या शिकणाऱ्यांच्या गटाकडे राहावी, त्यात आदिवासी आणि दलित, मुलगे आणि मुली असाव्यात. तीन : पहिला शिक्षक बाहेरचा आला तरी पुढचा शिक्षक या मुलांतूनच तयार झाला पाहिजे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या दाखल्यात कातारी आणि त्याचा शिष्य बरोबरीने आले आहेत. निदान एवढे तरी आपण मागे जाऊ नये.

वडील आता थकले आहेत. मी त्यांना लेथची हकीगत सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारले, "खटका कोणाच्या हाती?" समितीत माहितीपत्रकांची पाने उलटताना हा प्रश्न कोणाला सुचला नव्हता. यंत्र निवडण्याची माझ्या मते हीच पहिली कसोटी आहे.